वापर चालू आहे

...आणि वर तो रंगवाला मलाच म्हणतो कसा, "ताई, सोफा जरा उचलता का, खाली रेघ मारायची आहे." म्हणजे घर माझं, खोली माझी, सोफा माझा, आणि मी तो उचलायचा आणि ह्याने त्याच्याखाली पांढरी रेघ मारायची, आणि तुम्हाला सांगते, मी उचलला हो, कारण माणूस इतका गोड बोलत होता की त्याला नाही म्हणायला जीभच उचलेना, त्यापेक्षा सोफा हलका वाटला. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने आमचे हे, मधे तो वाकून ब्रश फिरवतोय, आणि सासूबाई मधल्या दारात उभ्या राहून विचारताहेत, "कसला गं वास येतोय? घराला रंग देताय का?" आता काय सांगायचं त्यांना? म्हटलं, "हो आई, थोडासा."

पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. मला मधूनच सांगायची सवय आहे, आमचे हे नेहमी म्हणतात, "तू गोष्ट सांगतेस की भाजी निवडतेस?" पण ह्या गोष्टीला आधी आणि नंतर असं काही धड नाहीच, ती एका शब्दाची गोष्ट आहे. वापर. आपण रोज म्हणतो की नाही, हा पेला वापरातला आहे, ती चादर वापरू नकोस? तोच वापर. आणि तुम्हाला सांगते, वापर चालू असला पाहिजे. काहीही होवो, वापर चालू असला पाहिजे.

आमची गल्ली म्हणजे फार मोठी नाही. दोन्ही बाजूंना बैठी घरं, समोरासमोर दारं, इकडे कुकर लावला की तिकडे शिट्टी ऐकू जाते एवढाच मधला रस्ता. तर एके दिवशी आमचे हे छापखान्यातून आले, चपलासुद्धा काढल्या नाहीत, तसेच उभे, आणि म्हणाले, "आपली गल्ली करडी झाली." मी बाहेर जाऊन बघून आले. होती तशीच होती. तर म्हणाले, "बाहेर नाही गं, नकाशात." शहराचा नवा नकाशा लागला म्हणे, त्यात आधी आमची गल्ली पिवळी होती, पिवळी म्हणजे लोकांनी राहायची, आणि आता करडी. आता माणूस काय रंग बघून राहतो का हो? मी लग्न होऊन आले तेव्हा दार निळं होतं, एवढं मला आठवतं, गल्ली पिवळी होती हे मला कोणी सांगितलंच नाही. मी विचारलं, "करडी म्हणजे काय?" तर म्हणाले, "वाहनतळ." म्हटलं, "कुणाच्या गाड्या?" तर म्हणाले, "ते काही लिहिलेलं नाही."

बरं, आमच्याकडे गाडी म्हणाल तर ह्यांची सायकल, आणि समोरच्या मास्तरीणबाईंकडे ती भाजी आणायची चाकाची पिशवी. संपलं.

मग तो आला, त्या नकाशावाल्या कचेरीतून. त्याला आम्ही वापरसाहेब म्हणतो, त्याचं नाव त्याने सांगितलं होतं पण इतक्या हळू की कोणाला ऐकूच आलं नाही. तुम्ही म्हणाल उग्र असेल, मिशा असतील, दारावर लाथ मारून आला असेल. छे. बारीक अंगाचा, स्वच्छ शर्ट, पायपुसण्यावर पाय असे पुसले की पायपुसणं लाजलं. मी पाणी दिलं तर दोन्ही हातांनी घेतलं. आणि म्हणाला, "घाबरायचं काही कारण नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे. नकाशा नवा असला तरी जुना वापर चालू असेल तोवर तुम्हाला कोणी हात लावणार नाही." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चहा टाकायला उठले. आणि मी पाठमोरी झाल्यावर तो म्हणाला, "फक्त तो थांबता कामा नये. थांबला की संपला. आणि संपला की पुन्हा सुरू करता येत नाही." तसं काही धमकीच्या सुरात नाही हो. दूध उतू जाईल, बघा, असं सांगावं तसं.

आणि मग तो घर बघायला लागला. कसा बघायचा सांगू? हाताने. खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवलं, धूळ आहे का बघितलं. शेगडीला हाताची मागची बाजू लावली, गरम आहे का. टॉवेल चिमटीत धरून बघितला, ओला आहे का. सासूबाईंच्या गादीवर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला, डॉक्टर नाडी बघतात तसा. प्रत्येक ठिकाणी मान हलवून म्हणायचा, "वापर चालू आहे." मला तर शाळेत पास झाल्यासारखं वाटत होतं. शेगडी पास. मोरी पास. गादी पास.

आणि मग तो पुढच्या खोलीशी आला.

आता आमची पुढची खोली म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुमच्याकडेही असेल अशी एखादी. चांगली खोली. सोफ्यावर खोळ, खोळीवर प्लॅस्टिक, काचेच्या कपाटात तो कपबशांचा संच, ज्यातून आजवर कोणी चहा प्यायलेला नाही. माझ्या मुलीला लहानपणी त्या खोलीत जायचं तर परवानगी काढावी लागायची, आणि ती लग्न होऊन गेली तरी अजून दारात थबकते. साहेबाने विचारलं, "आणि ही?" आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडात शब्द होते, मी म्हणणारच होते की इथे आम्ही बसतो, पण सासूबाईंना दिसत नसलं तरी ऐकू मोठं तिखट येतं. त्या आतून अशा काही अभिमानाने म्हणाल्या, "ती खोली आम्ही वापरत नाही हो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हे सावरायला गेले, "पाहुण्यांसाठी असते ती, साहेब." साहेब म्हणाला, "पाहुणे आले की इथे बसतात?" हे हो म्हणणार, तोच सासूबाई, "छे, छे, पाहुण्यांना आम्ही मागे बसवतो, सोफा खराब होतो. तुम्ही हात लावून बघा, कुठे एक डाग सापडायचा नाही. माझ्या सुनेनेसुद्धा कधी वापरली नाही हो ती खोली, संस्कार आहेत घराला."

त्याने हात लावून बघितलं. डाग नव्हता. तो म्हणाला, "खरंच सुंदर ठेवलीत," आणि मनापासून म्हणाला, आणि लिहून घेतलं.

आठवडाभरात रेघा. सोफ्याखालून एक, कपाटाच्या पुढून एक, आणि मधोमध जमिनीवर मोठा आकडा. एका गाडीची जागा. भिंती तशाच, दार तसंच, पडदे तसेच. मी विचारलं, "अहो, पण दारातून गाडी येणार कशी?" तर रंगवाला म्हणाला, "ते माझ्याकडे नाही ताई, माझ्याकडे रेघ." आणि जाताना सांगून गेला की आता इथे बसू नका हं, बसलात तर अतिक्रमण होईल. म्हणजे बघा, इतकी वर्षं आम्ही त्या खोलीत बसलो नाही तो वापर नव्हता, आणि आता बसलो तर अतिक्रमण. सोफ्याचं प्लॅस्टिक मात्र मी काढलं नाही. कोणासाठी राखते, विचारू नका.

तरीही मी म्हटलं, गेली एक खोली, जाऊ दे, बाकीचं घर आहे ना. पण मास्तरीणबाईंचं झालं, आणि मग आमचे डोळे उघडले.

मास्तरीणबाई एकट्या राहायच्या. गुडघा बदलायला दवाखान्यात गेल्या, तिथून बहिणीकडे. कुलूप लावताना मला म्हणाल्या, "कुंड्यांना पाणी घाल गं, आणि दिवा लावत जा एखादा, घर ओसाड वाटायला नको." मी दिवा लावत होते हो. रोज लावत होते. पण वापरसाहेबाला दिव्याशी काय करायचंय, त्याने गादीला हात लावला असेल, गार लागली असेल. एक दिवस मी कुंड्यांना पाणी घालायला गेले तर कुंड्या रस्त्याच्या कडेला ओळीने ठेवलेल्या, फुटलेली एकही नाही, आणि मागे घर नाही. सपाट. आणि ओल्या रंगाचा वास. आवाजसुद्धा आला नव्हता. कुकरची शिट्टी ऐकू येते त्या रस्त्यापलीकडून घर गेलं आणि आवाज नाही.

बाई परत आल्या तेव्हा कुबड्या होत्या. रिकाम्या जागेत शिरल्या, आकडे बघत बघत, वर्गात हजेरी घ्यावी तशा. एका रेघेपाशी थांबून मला हाक मारली, "अगं, स्वयंपाकघर साधारण ह्याच नंबरात ना?" मी म्हटलं, "बाई, शेजारच्या." तर कुबड्या टेकत शेजारच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात कुठून तरी एक टोपीवाला आला, "बाई, इथे उभं राहायचं नाही, गाडी लावायची जागा आहे." बाईंनी चारी बाजूंना बघितलं. एक गाडी नाही. गल्लीच्या तोंडाशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा बसवलाय, तो आपोआप वर जातो आणि आपोआप खाली येतो, कोणी नसतानाही. बाईंनी त्यांच्या त्या वर्गातल्या आवाजात विचारलं, "गाडी कुठे आहे?" टोपीवाला म्हणाला, "येईल."

एवढंच. येईल. तेव्हापासून मला तो शब्द आवडत नाही.

त्या संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "आता मोकळं सोडायचं नाही." आणि तुम्हाला सांगते, वापर चालू ठेवणं म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. खोल्या उरल्या तीन आणि माणसं तीन, हिशेब बरोबर बसला. मागच्या खोलीत हे. छापखान्यातून रजा काढली आणि खाटेवर पेपर घेऊन बसले. मधल्या खोलीत सासूबाई. स्वयंपाकघरात मी. शेगडी गार होता कामा नये म्हणून पातेल्यात नुसतं पाणी उकळत ठेवायचं, आटलं की घालायचं, आटलं की घालायचं, रिकामं पाणी शिजवत मी दिवस दिवस उभी. मोरीला माणूस कमी पडलं, तर ह्यांनी नळ थोडा सैल करून ठेवला, टप टप, म्हणजे मोरी आपली आपण वापरात. उठायचं झालं तर ओरडून सांगायचं, "मी निघते, कोणी तरी स्वयंपाकघरात या," मग हे स्वयंपाकघरात, मग मागची खोली मोकळी, मग सासूबाई मागे, मग मधली मोकळी... मी नुसती परसात वाळत घातलेले कपडे आणायला गेले तर घरात खुर्ची पकडायचा खेळ व्हायचा. आणि अधूनमधून हे आतून हाक मारायचे, "वापर चालू आहे का?" मी म्हणायचे, "चालू आहे." सासूबाई म्हणायच्या, "चालू आहे बाबा." पहाऱ्यावरच्या शिपायांसारखं.

मुलगी फोन करायची, "आई, कशा आहात?" मी म्हणायचे, "वापर चालू आहे." ती म्हणायची, "आई, तू बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "थांब, पाणी आटलं," आणि फोन ठेवायचे.

पण खरी गोष्ट सासूबाईंची होती. त्यांना डोळ्यांनी आता उजेड-अंधार एवढंच कळतं. पण घरात तुम्ही त्यांना बघितलं असतंत तर तुम्हाला खरं वाटलं नसतं. सकाळी उठल्या की डावा हात भिंतीला. भिंतीभिंतीने मधल्या खोलीतून स्वयंपाकघर, तिथून मागचं दार, तिथून मोरी, परत. कुठे पोपडा आहे, कुठे खिळा आहे, कुठे माझ्या मुलीने लहानपणी पेन्सिलीने कोरलंय, सगळं बोटांना पाठ. त्या हाताने घर बघायच्या. म्हणून तर आम्ही एवढा आटापिटा करत होतो, नाहीतर आम्हा दोघांना काय, कुठेही चार भिंती शोधल्या असत्या. पण ह्या घरात त्यांना दिसतं. दुसऱ्या घरात नेलं की त्या आंधळ्या.

आणि आम्हीच त्यांना मधल्या खोलीत खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, की आई, उठू नका, खोली मोकळी पडेल. त्या बसल्या. शहाण्या मुलीसारख्या बसल्या. एक दिवस मी पातेल्यात पाणी घालत होते तर त्या हळूच म्हणाल्या, "सूनबाई, मोरीच्या आधी खिळा लागतो का नंतर?" मी म्हटलं, "आधी, आई." तर म्हणाल्या, "मला हे घर दिसेनासं झालंय गं."

मी त्यांना तिथल्या तिथे उठवणार होते. देवाशपथ, वाटी हातातून खाली ठेवली होती. आणि दारावर टकटक. तीच, हलक्या हाताची.

वापरसाहेब आत आला, पाय पुसले. ह्यांनी मागून पेपर जोरात फडफडवला, वापर ऐकू जावा म्हणून. साहेबाने शेगडीला हात लावला, गरम. पातेल्यात डोकावला, नुसतं पाणी. माझ्याकडे बघितलं. ह्यांच्या खोलीत गेला, पेपर बघितला. पेपर मागच्या महिन्यातला. मोरीतला नळ बघितला. सासूबाईंच्या समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आजी, काय करता इथे?" मी मनात म्हणतेय, काही तरी सांगा आई, वाती वळते म्हणा, जप करते म्हणा, काहीही म्हणा. त्या म्हणाल्या, "बसवलंय."

तो उठला. आम्हा तिघांना बोलावलं, मी सांगितलं की तिघं एकत्र आलो तर खोल्या मोकळ्या पडतील, तर तो हसला, पहिल्यांदाच हसला, आणि त्याचं हसू काही वाईट नव्हतं. म्हणाला, "वापर चालू आहे. अगदी चोख चालू आहे. पण तुम्ही इथे राहत नाही."

हे म्हणाले, "साहेब, दिवसरात्र इथेच आहोत आम्ही."

"हो. पण राहत नाही. जेवताना, भांडताना, लोळताना दिसत नाही कोणी. जो तो आपापल्या जागी उभा. ह्याला रहिवास म्हणत नाहीत. ही राखण झाली." आणि मग त्याचा चेहरा असा उजळला, एखाद्याला आपल्यासाठी चांगली बातमी सापडावी तसा. "आणि राखण वाहनतळात चालते. वाहनतळाला राखणदाराची जागा लागतेच. मग घर पाडायचं कारण नाही."

आमचे हे खाली बसले. "घर वाचलं?" म्हणाले. साहेब म्हणाला, "घर वाचलं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो, मी त्याला चहा टाकायला निघाले, आणि तुम्हाला सांगते, मी पाठमोरी झाले की हा माणूस पुढचं वाक्य बोलतो. म्हणाला, "फक्त राखणदाराने राहायचं नाही. गाद्या काढाव्या लागतील. शेगडी चहापुरती. संध्याकाळी बंद करून जायचं, रात्रीची आमची माणसं वेगळी असतात."

म्हणजे घर राहिलं. राहणं तेवढं गेलं.

आता आम्ही पलीकडच्या वस्तीत एक खोली घेतलीये, वरच्या मजल्यावर. तिथे सासूबाई पलंगाच्या कडेला धरून असतात, हात भिंतीला लावतात आणि काढून घेतात, कोणा परक्या माणसाला हात लागावा तसा. सकाळी आम्ही तिघं डबा घेऊन निघतो, दांडा वर होतो, आणि आम्ही आमच्या घरी कामाला येतो. ह्यांना टोपी दिलीये. मी मदतनीस. पहिल्या दिवशी साहेबाने सासूबाईंकडे बोट दाखवलं, "या इथे कोण म्हणून? बाहेरच्या माणसाला आत बसता येत नाही." त्या तेव्हा भिंतीला हात लावून निघाल्या होत्या, मधली खोली, स्वयंपाकघर, मागचं दार. मी म्हटलं, "त्या फेरी मारतात." तो बघत राहिला. त्या खिळ्यापाशी थांबल्या, बोट फिरवलं, पुढे गेल्या. साहेब म्हणाला, "भिंतींची पाहणी?" म्हटलं, "हो, साहेब." म्हणाला, "चालेल. बसू मात्र नये त्यांनी."

मग त्या बसत नाहीत. दिवसभर फिरतात. खिळा पाठ झाला, पोपडा पाठ झाला, तोंडावर जरा तेज आलंय. मास्तरीणबाई एकदा येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "बरं आहे तुझ्या सासूचं," आणि ते त्या चिडवायला म्हणाल्या का खरंच, मला कळलं नाही. गाडी अजून एकही आलेली नाही. हे रोज टोपी घालून दारात उभे राहतात, न आलेल्या गाड्यांना हात दाखवतात, सराव पाहिजे म्हणतात.

काल दुपारी सासूबाई फेरी मारता मारता थांबल्या. दमल्या असाव्यात. दोन्ही तळवे भिंतीला टेकून उभ्या, गाल भिंतीला लावलेला, आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, आता घरी जायचं का?"

आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या घरात उभ्या असलेल्या बाईला मी काय सांगायचं होतं? मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "सुटी झाली की जाऊ, आई."